बाबासाहेबांचे बंद पडलेले कार्यालय आणि आमच्या लेकी

आपल्या निवासी विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून काय अपेक्षित असते याची आम्हांस कल्पना होती. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, नागपूरची धम्मदीक्षा, यांपैकी एखाद्या विषयावर आम्ही आजवर पुष्कळदा लिहिले आणि बोललो. ते विषय कधी जुने होणार नाहीत. या वेळी मात्र आम्ही पैशाविषयी लिहिणार आहोत, आणि तेही या शाळेतून शिकून बाहेर पडलेल्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून. आमच्या मुलींनी अर्थसल्लागार व्हावे. विमा, बचत, गुंतवणूक आणि निवृत्तीची तरतूद यांविषयी कुटुंबांना मार्गदर्शन करण्याचा व्यवसाय त्यांनी अभ्यासाने आणि ताठ मानेने करावा. आणि समाजाने त्यांना तो करू द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. काहींना हा विषय स्मरणिकेत शोभणारा वाटणार नाही. म्हणून आरंभ बाबासाहेबांपासूनच करतो.

१९१७ साली बाबासाहेब लंडनमधील अभ्यास अपुरा ठेवून मायदेशी परतले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी १९१५ मध्येच मिळवली होती आणि तिच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार व अर्थव्यवहार हा विषय अभ्यासला होता. बडोदा संस्थानाच्या नोकरीत त्यांना राहायला साधी जागा मिळू दिली गेली नाही, हा प्रसंग आपल्या प्रत्येक घरी ठाऊक आहे. त्यानंतरचा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही. मुंबईस परतल्यावर उपजीविकेसाठी त्यांनी शिकवण्या केल्या आणि शेअर व रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारे एक कार्यालय काढले. चरित्रकारांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली आहे. प्रथम काम बरे चालले. पुढे सल्ला देणारा गृहस्थ अस्पृश्य आहे हे लोकांना कळले, येणारे येईनासे झाले आणि कार्यालय बंद पडले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. ज्यांचे म्हणणे देशाच्या चलनाचा विचार करणाऱ्या आयोगाने ऐकून घेतले, त्यांचा चार शेअरांविषयीचा सल्ला मुंबईतल्या गिऱ्हाइकांना विटाळाचा वाटला.

वर्गात हा प्रसंग सांगितला की मुले हळहळतात. आम्ही त्यांना विचारतो, त्या कार्यालयात उणे काय होते? ज्ञान उणे नव्हते, सचोटी उणी नव्हती. उणा होता तो विश्वास, आणि तो जातीने हिरावून घेतला होता. त्या घटनेला शंभराहून अधिक वर्षे लोटली. बंद पडलेले ते कार्यालय पुन्हा उघडण्याचे काम आपण कोणी मनावर घेतले का, हा आमचा प्रश्न आहे. डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक, अधिकारी आपण घडवले आणि त्याचा सार्थ अभिमान बाळगला. परंतु लोकांच्या पैशाला वाट दाखवणारी माणसे आपण घडवली नाहीत. ते काम आपल्याला हलके वाटले. 'एजंट' हा शब्द आपल्या घरांत आजही थट्टेच्या सुरात उच्चारला जातो.

हे काम मुलींनी करावे असे आम्ही का म्हणतो, याला इतिहासाचा आधार आहे. शूद्राने समर्थ असूनही धनसंचय करू नये, असे मनुस्मृती सांगते. पत्नी, पुत्र आणि दास यांना स्वतःचे धन नसते, असेही तीच सांगते. म्हणजे आपल्या समाजातील स्त्रीला धनापासून दूर ठेवणारे दरवाजे दोन होते, एक जातीचा आणि दुसरा तिच्या स्त्रीपणाचा. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला तो ग्रंथ जाळला गेला, तेव्हा हे दोन्ही दरवाजे जाळण्याची प्रतिज्ञा झाली. पुढे हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी मुलीच्या वारसाहक्कासाठी सर्वस्व पणाला लावले आणि ते बिल रखडले तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५६ च्या उत्तराधिकार कायद्याने, जो आपणा बौद्धांनाही लागू आहे, त्या हक्काचा काही भाग दिला. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. हक्क आला. परंतु तलाठ्याच्या दारात हक्कसोडपत्रावर 'भावासाठी' सही करणाऱ्या आपल्याच शिकलेल्या भगिनी आम्ही पाहिल्या आहेत. कायद्याने हक्क मिळतो. तो राखण्याचे ज्ञान घरातच यावे लागते, आणि घरातल्या बाईला ते सांगायला दुसरी बाईच सहज जाऊ शकते.

आपल्या समाजाची आजची स्थितीही ध्यानात घ्यावी. राखीव जागांमुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत जे नोकरीला लागले, ती पगार घेणारी आपली पहिली मोठी पिढी. त्या पिढीतले लोक गेल्या काही वर्षांत निवृत्त झाले. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार मिळून घरात एकरकमी मोठा पैसा आला, आणि तो अनेक घरांत प्रथमच आला. ज्या समाजांत पिढ्यान्‌पिढ्या वही, व्याज आणि बाजार यांची भाषा जेवताना कानी पडते, तेथील पोराला पैसा आल्यावर काय करावे हे कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या घरांत कर्जाची भाषा होती, सावकाराची होती, भांडवलाची नव्हती. त्यामुळे आलेला पैसा कुठे गेला हे आपण जाणतो. कोणी गावी बंगला बांधून तो कुलूपबंद ठेवला, कोणी लग्नात उधळला, कोणी दामदुप्पट देणाऱ्याच्या हवाली केला. अशा बुडव्या वित्तसंस्थांच्या ठेवीदारांसाठी महाराष्ट्राला १९९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच फसलेल्यांची व्याप्ती समजावी.

इतरांची उदाहरणे देण्यापूर्वी स्वतःची कबुली देणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी आमची एक मुदतठेव पुरी झाली. नूतनीकरणासाठी गेलो असता तेथील एका सभ्य अधिकाऱ्याने, ठेवीसारखेच आहे, वर विमाही आहे, असे सांगून चार सह्या घेतल्या. तो वर्षाला एक लाख रुपये हप्त्याचा दहा वर्षांचा विमा होता, हे दुसऱ्या हप्त्याची सूचना आली तेव्हा समजले. नको असलेली पॉलिसी ठरावीक दिवसांत परत करता येते, ती मुदत केव्हाच टळली होती. दोन हप्ते भरून आम्ही थांबलो. परत आले ते भरलेल्या रकमेच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. तीस वर्षे मुलांना मूळ कागद वाचायला शिकवणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद वाचला नाही. याहून बोचणारी गोष्ट पुढे आहे. त्याच वर्षी आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी विम्याचे काम सुरू केल्याचे सांगायला आमच्याकडे आली होती. तिला आम्ही चहा दिला, आशीर्वाद दिला आणि 'पुढच्या महिन्यात बघू' असे म्हणून वाटेला लावले. तो पुढचा महिना कधी आला नाही. तिच्याकडे गेलो असतो, तर तिने तो कागद आम्हांस वाचून दाखवला असता.

त्या मुलीविषयी थोडे लिहितो. तिची आई जिनिंगमध्ये कामाला होती. पाचवीपासून ती आपल्या वसतिगृहात राहिली, पुढे बी.कॉम. झाली. स्पर्धा परीक्षेत चार वर्षे गेली, दोनदा थोडक्यात हुकली. घरच्यांनी लग्न केले. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर तिने विमा प्रतिनिधीची परीक्षा दिली, पाठोपाठ म्युच्युअल फंड वितरकाची. आज तालुक्याच्या गावी एका खोलीत तिचे कार्यालय आहे. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा आणि खाली मोठ्या अक्षरांत एकच सूचना आहे: रोख रक्कम स्वीकारली जात नाही.

तीन वर्षांपूर्वी तिच्या वस्तीतले साखर कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मागे पत्नी आणि दोन मुले. घरच्यांना फंडाची रक्कम मिळेल एवढेच माहीत होते. ही मुलगी पुण्यानुमोदनाला गेली होती, चार दिवसांनी ती पुन्हा गेली आणि म्हणाली, "वहिनी, घरात असतील नसतील तेवढे सगळे कागद एकदा माझ्यासमोर काढा." ट्रंकेतून एक पिशवी निघाली. तिने बँकेचे पासबुक ओळीने वाचले. दर मे महिन्याच्या अखेरीस ४३६ रुपयांची वजावट तिला दिसली. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची होती; बँकेत खाते उघडताना कोणीतरी सही घेतली होती आणि ते त्या गृहस्थांच्याही स्मरणात नसावे. त्या एका ओळीचे दोन लाख रुपये होते. फंडाशी जोडलेला विमा असतो आणि नोकरीत असताना मृत्यू झाल्यास त्यातून जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते, हे तिने सांगितले. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेतून विधवेला आणि पंचवीस वर्षांपर्यंतच्या दोन मुलांना दरमहा वेतन मिळते, हेही तिनेच सांगितले. आधारपत्रावरील आणि कारखान्याच्या नोंदीतील आडनावाच्या अक्षरांत फरक होता. तो दुरुस्त करण्यासाठी सहा फेऱ्या झाल्या, आणि प्रत्येक फेरीला ती वहिनींबरोबर गेली.

पैसा येऊ लागल्याची बातमी पसरली तसे सल्लागारही वाढले. दीर म्हणाले, प्लॉट घेऊ. एक ओळखीचे गृहस्थ शेकडा पाच रुपये दरमहा देण्याची योजना घेऊन आले. ती मुलगी तेव्हा तेथे बसलेली होती. तिने एवढेच विचारले, "काका, महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ झाले. एवढा नफा होणारा धंदा असेल, तर बँक तुम्हांला बारा-चौदा टक्क्यांनी कर्ज देईल. मग वहिनींकडून साठ टक्क्यांनी का घेता?" गृहस्थ पुन्हा आले नाहीत. तिच्या सांगण्यावरून सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात राहिला, काही रक्कम टपाल कार्यालयाच्या मासिक उत्पन्न योजनेत गेली, काही मुलांच्या शिक्षणासाठी मुदतठेवीत. दीर दुखावले आणि वर्षभर बोलले नाहीत. यांतल्या एकाही व्यवहारावर तिला कमिशन नव्हते. पुढल्या दोन वर्षांत मात्र त्या वहिनींनी आपल्या बचत गटातल्या अकरा बायका तिच्याकडे आणल्या.

आम्ही ज्याला अर्थसल्लागाराचा व्यवसाय म्हणतो, तो हा. विक्री हा त्याचा एक भाग आहे. विश्वास हे त्याचे भांडवल आहे.

या व्यवसायात शिरण्याचे मार्ग पालकांना ठाऊक असावेत म्हणून थोडक्यात सांगतो. दहावी उत्तीर्ण मुलीला विमा प्रतिनिधीची परीक्षा देता येते. आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तीत पहिल्या वर्षी दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये विद्यावेतन आहे, अर्थात दर वर्षी ठरावीक काम करून दाखवण्याची अट आहे. टपाल खात्याच्या आवर्ती ठेवी घरोघरून गोळा करणारी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना १९७२ पासून आहे आणि तिच्यातून हजारो गृहिणींनी संसार सावरले आहेत. म्युच्युअल फंड वितरक होण्यासाठी राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्थेची शंभर गुणांची परीक्षा असते; पन्नास गुणांना उत्तीर्ण होता येते. याहून वरची पायरी म्हणजे सेबीकडे नोंदणी केलेला गुंतवणूक सल्लागार. त्यासाठी २०१३ चे स्वतंत्र नियम आहेत, पदवी आणि दोन परीक्षा लागतात. अशा सल्लागाराला ग्राहकाकडून शुल्क घेता येते. त्याच ग्राहकाला काही विकून वर कमिशन खाता येत नाही. वकील फी घेतो, डॉक्टर फी घेतो, तसाच हा व्यवसाय. आपल्या मुलींनी शेवटी या पायरीपर्यंत जावे, अशी आमची इच्छा आहे.

उत्पन्नाविषयी खोटी आशा दाखवणे आम्हांस मान्य नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी गाड्या आणि परदेशवारी यांची चित्रे दाखवली जातात, त्यांवर भुलू नये. साधा हिशेब करून पाहावा. एका मुलीने दोनशे कुटुंबांना दरमहा दोन हजारांची नियमित गुंतवणूक करायला लावले, तर महिन्याला चार लाख, वर्षाला अठ्ठेचाळीस लाख आणि दोन वर्षांत शहाण्णव लाख रुपये जमतील. त्यावर वर्षाला शेकडा एक रुपया वितरकाचा मोबदला धरला, तर तिला महिन्याला आठ हजार रुपये मिळतील. दोनशे कुटुंबे आणि दोन वर्षे, तेव्हा आठ हजार! परंतु ही कुटुंबे टिकली, तर सहाव्या-सातव्या वर्षी तेच उत्पन्न मानाने जगण्याइतके होते, आणि पुढे ते कोणाच्या मर्जीवर राहत नाही. विम्यात याच्या उलट असते: पहिल्या वर्षी कमिशन मोठे, पुढे थोडे. म्हणून पुष्कळ मुली मामा, काका आणि मैत्रिणी यांच्या पॉलिसी काढतात, वर्षभर बरे चालते, नातेवाईक संपतात आणि त्यांच्याबरोबर एजन्सीही संपते. जी तीन वर्षे तग धरते ती उभी राहते. त्या तीन वर्षांत तिच्या घरच्यांनी तिला 'काय मिळते यातून?' असे दर संध्याकाळी विचारू नये.

अडचणी आहेत आणि त्यांची नावेही घेतली पाहिजेत. १९१७-१८ चा प्रश्न आजही विचारला जातो, फक्त सौम्य शब्दांत. आमच्या विद्यार्थिनीला बाजारपेठेतील घरांत प्रथम आदराने बसवतात. बोलता बोलता 'पूर्ण नाव काय म्हणालात? मूळ गाव कोणते?' असे विचारतात. मग चहा येत नाही आणि 'नंतर कळवतो' असे उत्तर मिळते. काही ठिकाणी 'मिस्टरांना पाठवा, त्यांच्याशी बोलू' असे सांगितले जाते. जणू परीक्षा मिस्टरांनी दिली आहे. सायंकाळी, पुरुषमाणसे घरी आल्यावरच भेटी होतात. बाईने त्या वेळी दुचाकीवर गावोगाव फिरावे, हे अनेक सासरच्यांना रुचत नाही. या गोष्टी अन्यायाच्या आहेत आणि त्यांविरुद्ध बोलत राहिले पाहिजे.

परंतु आपल्याच लोकांचे काय? तिच्याकडून सगळी माहिती फुकट काढून घेणारे आणि पैसे भरताना दुसऱ्या कोणाकडे जाणारे आपलेच असतात. 'तुझे कमिशन मला परत दे' असे म्हणणारे आपलेच असतात. विम्यात असे कमिशन वाटून घेणे कायद्याला मान्य नाही, हेही त्यांना ठाऊक नसते. 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारे आम्हीच होतो. परक्यांनी जात पाहून बाबासाहेबांचे कार्यालय बंद पाडले. आपल्या मुलींची कार्यालये आपण आपल्याच अनास्थेने बंद पाडत असू, तर त्याचा जाब कोणाला विचारायचा?

धम्माच्या दृष्टीने पैशाचा विचार हीन आहे, असे मानणारे काही ज्येष्ठ उपासक आहेत. त्यांच्याविषयी पूर्ण आदर बाळगून आम्ही असहमत आहोत. अपरिग्रह भिक्खूंसाठी आहे. गृहस्थासाठी तथागतांनी वेगळा उपदेश केला. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा संकटकाळासाठी राखून. संकटकाळासाठीची राखीव रक्कम, जी आजचा प्रत्येक सल्लागार पहिल्या भेटीत सांगतो, ती तेथे आहे. त्याच सुत्तात पतीने पत्नीकडे घराचा अधिकार सोपवावा आणि पत्नीने मिळवलेल्या धनाचे रक्षण करावे असे सांगितले आहे. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत एक सुख ऋणमुक्तीचे आहे. व्यग्घपज्ज सुत्तात कष्टाने मिळवणे, मिळवलेले राखणे, कल्याणमित्राची संगत आणि आयव्ययाचा तोल राखून जगणे या चार गोष्टी ऐहिक हितासाठी सांगितल्या आहेत. उत्तम अर्थसल्लागार म्हणजे या अर्थाने कल्याणमित्रच होय. आणि ज्या पाच व्यापारांचा उपासकाला निषेध आहे, शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा, त्यांत हा व्यवसाय नाही. अर्थात जी सल्लागार विधवेच्या गळ्यात वीस वर्षांचा हप्ता मारते, ती वेगळ्या प्रकारचे विषच विकते. सम्यक् आजीविकेची कसोटी व्यवसायाच्या नावावर ठरत नाही, तो कसा केला यावर ठरते.

तळागाळातील स्त्रियांनी हे काम पूर्वी केलेच नाही, असेही नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी मॅगी लीना वॉकर नावाची कृष्णवर्णीय स्त्री होऊन गेली. तिचा जन्म १८६४ चा. आई पूर्वी गुलामगिरीत होती आणि पुढे लोकांचे कपडे धुऊन घर चालवत होती. १९०३ मध्ये या मुलीने सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक स्थापन केली. नावातच पेनी होती, म्हणजे आपला पैसा. मोलकरणींची आणि धोबिणींची पेनी-पेनी तेथे जमा झाली आणि त्या पैशातून कृष्णवर्णीय कुटुंबांना घरांसाठी कर्जे मिळाली. आपल्या सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवड येथे, १९९७ मध्ये ग्रामीण स्त्रियांची माणदेशी महिला बँक उभी राहिली. प्रवर्तक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून आरंभी परवाना नाकारला गेला होता. त्या स्त्रियांनी अक्षरे गिरवली आणि पुन्हा अर्ज केला. आपल्या मुली तर पदवीधर आहेत.

आता कर्तव्याविषयी. शाळेला आमची विनंती आहे की, नववी-दहावीच्या मुलामुलींसाठी आठवड्यातून एक तास पैशाच्या साक्षरतेला द्यावा. पासबुक वाचणे, सरळ आणि चक्रवाढ व्याजातला फरक, नामनिर्देशन म्हणजे काय, सही करण्यापूर्वी काय पाहावे, एवढे शिकवले तरी पुष्कळ होईल. बहात्तर या संख्येला व्याजदराने भागले की पैसे किती वर्षांत दुप्पट होतील ते कळते. एवढे गणित येणारा मुलगा दामदुप्पटवाल्याला घाबरणार नाही, त्याला प्रश्न विचारील. वसतिगृहातील मुलांची छोटी बचत पेढी मुलींनी चालवावी.

माजी विद्यार्थ्यांना विनंती अशी की, येत्या वर्षभरात आपापल्या घरातील सर्व कागद एका फाइलमध्ये लावावेत आणि ती फाइल कुठे आहे हे पत्नीला सांगावे. विमा काढताना विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयीचा १८७४ चा कायदा विचारात घ्यावा. त्याखाली पत्नी-मुलांच्या नावे काढलेल्या पॉलिसीला पतीच्या सावकारांना सहसा हात लावता येत नाही. आणि सल्ला घ्यावयाचा झाल्यास आपल्या मुलींकडे जावे. दया म्हणून जाऊ नये. तिची नोंदणी पाहावी, तिला दहा प्रश्न विचारावेत, उत्तर पटले तर तिचे शुल्क द्यावे आणि पावती घ्यावी.

मुलींना आमचे सांगणे वेगळे आहे. रोख पैशाला हात लावू नका. जे ठाऊक नाही ते 'पाहून सांगते' असे म्हणण्याची लाज बाळगू नका. ज्या घरात कर्ज आहे, तेथे आधी कर्ज फेडायला सांगा, गुंतवणूक नंतर. जे स्वतःच्या आईला विकणार नाही, ते दुसऱ्याच्या आईला विकू नका. आपण एकट्या नाही. तुमच्यातील एकीने फसवले, तर पुढच्या दहा जणींसाठी दार बंद होईल. हे अन्यायाचे आहे, पण आपल्यासाठी नियम नेहमीच कडक राहिले आहेत.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही आमच्या त्या विद्यार्थिनीच्या कार्यालयात गेलो. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली आहेत. जुन्या कागदांची पिशवी तिच्यापुढे ठेवली आणि उशीर झाल्याची क्षमा मागितली. ती म्हणाली, "सर्वांचे कागद असेच असतात. बसा, आधी नामनिर्देशन पाहू." मग तिने चष्मा लावला आणि पहिला कागद उलगडला. आम्ही समोर विद्यार्थ्यासारखे बसलो होतो. भिंतीवरून बाबासाहेब पाहत होते.

जयभीम! नमो बुद्धाय!